मशीन जड झालं होतं

रिपोर्ट निगेटिव्ह आला, घरी येऊन चार महिने झाले, लोक म्हणतात चेहऱ्यावर तेज आलंय, आणि तरी न्हाणीतून खोलीपर्यंत येताना मध्येच भिंत धरावी लागते, असं ज्यांचं असेल त्यांनी हे वाचावं. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही, पण मी लिहितेय ते त्यांच्यासाठी.

मी काही लिहिणारी बाई नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही हिंदी. मराठी वाचायला-लिहायला मी लग्नानंतर शिकले, सासूबाईंच्या मापांच्या वह्यांवरून. छाती, कंबर, बाही, गळा. माझी पहिली मराठी ती. आमचं घर शिंप्यांचं. फौजेबरोबर तंबू-कनाती शिवत आमचे लोक दक्षिणेतून माळव्यात आले आणि देवासला राहिले. तंबू गेले, सुई राहिली. मी पोलकी शिवते. आता शिवते म्हणजे कशी शिवते, ते पुढे सांगते.

हूं

दुसऱ्या लाटेतली गोष्ट. मला ताप येऊन सहा दिवस झाले होते आणि कुठे बेड मिळत नव्हता. सतीश, माझा मुलगा, सकाळपासून मोटारसायकलवर फिरत होता. घरी कुणाकडून तरी आणलेला सिलिंडर लावलेला. अशात दुपारी धारहून वन्संचा फोन आला.

वन्सं म्हणजे माझ्या नणंद, कमळाबाई. यांच्या पाठची बहीण, माझ्याच वयाची. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या अजून घरातच होत्या, आणि दोन वर्षं आम्ही दोघींनी एकाच मशीनवर काम केलं. मी कापड धरायची, त्या शेजारी स्टुलावर बसून पाय मारायच्या. मग त्यांना धारला दिलं. तेव्हापासून आधी पत्रं आणि मग रोज फोन.

यांनी फोन माझ्या कानाशी धरला. वन्संचा आवाज बसला होता. मध्ये मध्ये खोकत होत्या. मला वाटलं, माझ्यासाठी रडून बसलाय.

"वहिनी, मी देवीला बोलून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही बऱ्या झालात की पायी टेकडी चढायची आणि दोघींची ओटी भरायची. रोपवेत बसायचं नाही. पायी. ऐकलंत का?"

मला बोलता येत नव्हतं. मी हूं म्हटलं.

"दादा, ऐकलंस ना, वहिनी हूं म्हणाल्या," त्या यांना म्हणाल्या. "आणि खण मी घेऊन ठेवलेत. पोलकी तुम्हीच शिवायची वहिनी, मला त्या बाह्यांचं जमत नाही."

देवासची टेकडी गावाच्या मधोमध आहे. वर दोन देवी, मोठी माता आणि धाकटी माता, सख्ख्या बहिणी. आमच्या घरची रीत अशी, की नवस बोलतो तो फेडत नाही. ज्याच्यासाठी बोलला, तो फेडतो. बोलणाऱ्याने फक्त समोरच्याकडून हूं घ्यायचं. एकदा हूं झालं की ते मोडत नाही. सासूबाईंच्या वेळेपासून कुणी मोडलेलं मी पाहिलं नाही.

संध्याकाळी बेड मिळाला.

नालछ्याची बाई

हॉस्पिटलचं मी फार सांगत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पांढऱ्या पोशाखातल्या नर्सबाई सगळ्या सारख्या दिसायच्या, म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहायच्या. आपल्याकडे पाठ केली की कळायचं कोण ते. दिवसातून किती तरी वेळ पालथं झोपायचं. आयुष्यभर मुलांना पालथं झोपू नका म्हणून रागावले आणि शेवटी मलाच सांगितलं, "अम्मा, उल्टी लेटो."

शेजारच्या खाटेवर धारजवळच्या नालछा गावची एक बाई होती. खिडकी माझ्या बाजूला, तिच्या बाजूला भिंत. ती मला विचारायची, "बाई, बाहर धूप हे कंई?" मी मास्क थोडा बाजूला करून सांगायची, ऊन आहे, एका गॅलरीत कुणी गोधड्या वाळत घातल्या आहेत, एक निळी, एक फुलांची. तिला तेवढं पुरायचं. एक दिवस मी दुपारची झोपून उठले तर खाटेवर नवी चादर. घरी गेली की कशी, मी विचारलं नाही. नर्सबाई पाठ करून उभी होती, आणि मी तिचं नाव वाचत राहिले.

सोळाव्या दिवशी मला सोडलं. सोडताना डॉक्टर म्हणाले, कोरोना संपला. मीही तेच धरून चालले.

खण

घरी आल्यावर मी वन्संना फोन लावायला सांगितलं. हे म्हणाले, त्यांचा फोन बिघडलाय. दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, तिकडे नेटवर्क नाही. माझी सून मीनल, खातेगांवची. खोटं बोलता येत नाही तिला, बोलताना ओढणीचं टोक पिळत बसते.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः धुवट लुगडं काढायला कपाट उघडलं, तर वरच्या फळीवर एक गाठोडं. धारच्या बाजारातल्या पिशवीत गुंडाळलेलं. सोडलं तर दोन खण. एक हिरवा, एक लाल, जरीच्या काठाचे.

मी कपाटापाशीच खाली बसले. वन्संनी हे खण कुणाच्या हाती पाठवले नसते. त्या स्वतः घेऊन आल्या असत्या, आणि आल्या आल्या काठाची जरी कशी अस्सल आहे ते सांगितलं असतं.

हे दारात उभे होते. म्हणाले, "कमळ गेली. तू ॲडमिट होतीस तेव्हाच. भाचीने पाठवले खण."

"फोनवर खोकत होत्या, ते..."

"हो. तिलाही तेव्हाच झालेलं."

मी विचारलं, "स्वतःसाठी काही बोलल्या होत्या का देवीला?"

हे म्हणाले, "नाही."

हे मी इतकं सविस्तर का सांगतेय, तर पुढे मी जे वागले ते त्यामुळे. त्यांनी माझ्यासाठी मागितलं आणि स्वतःचं राहून गेलं. मी वाचले. आता वाचलेल्या माणसाने जिन्यात दम लागतो, पाय सुजतात, छातीत पक्ष्यासारखं फडफडतं, असलं काही बोलायचं म्हणजे किती निर्लज्जपणा, असं मला वाटायचं. कुणी विचारलं की मी म्हणायची, "ठीक है." आमच्याकडे हिंदीत म्हटलं की विषय संपतो.

मशीन

दोन महिन्यांनी मी मशीनवर बसले. पायाचं मशीन, सासूबाईंचं. पहिल्याच पोलक्याला कळलं की मशीन जड झालंय. पूर्वी पाठीची शिवण मी एका दमात काढायची, खांद्यापासून कमरेपर्यंत. आता चार बोटं शिवण झाली की पाय थांबायचे. वाटलं, इतके दिवस बंद होतं, तेल वाळलं असणार.

तेल घातलं. नाही. पट्टा बदलून आणला. दोन दिवस बरं वाटलं, की मीच बरं मानून घेतलं, देव जाणे. मग वसीमभियांना बोलावलं. माझ्या लग्नाआधीपासून हे मशीन त्यांच्या घराकडेच दुरुस्तीला आहे, आधी त्यांचे वडील यायचे. त्यांनी पायडल काढून पुसलं, चाक फिरवून पाहिलं, शटल उघडलं.

"काकी, मशीन तो मस्त चल री हे."

"नाही भिया, जड आहे. तुम्हाला पुरुषाच्या पायाला नाही कळायचं."

त्यांनी पुन्हा सगळं खोललं, पुन्हा बसवलं. आठवड्याने मी परत बोलावलं. तिसऱ्या वेळी ते आले, मशीनकडे पाहिलंच नाही. मला म्हणाले, "काकी, जरा चला के बताओ." मी पाय मारले. सात-आठ वेळा मारले असतील. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काकी, बुरा मत मानना," ते म्हणाले. "मशीन के नी, तमारे दिखाने की जरूरत हे."

दाखवायचं ते मशीनला नाही, मला, असं ऐकून मला राग आला. मी म्हटलं, "तुमच्या वडिलांनी असं कधी म्हटलं नसतं. ते मशीन दुरुस्त करून जायचे."

वसीमभिया हसले आणि सामान गोळा करून गेले. मी त्या दिवशी मशीनला तिसऱ्यांदा तेल घातलं. इतकं, की मोठ्या हौसेने बेतलेल्या एका पिवळ्या पोलक्यावर डाग पडला.

अंगावर सगळं दिसत होतं, पण प्रत्येकाला मी एक कारण देऊन ठेवलं होतं. जोडवी रुतायला लागली, मी साबण लावून काढली आणि म्हटलं, आजारानंतर अंग भरलं. आडवं पडलं की घुसमटायचं, मी दोनाच्या तीन उशा केल्या आणि म्हटलं, मानेला बरं. ह्यांना एकदा सांगून पाहिलं, जरासा दम लागतो. हे म्हणाले, "वय झालं, सगळ्यांनाच लागतो." मला तर ते ऐकून हायसंच वाटलं.

आणि तशीच, चार चार बोटं शिवून, मी देवीची दोन पोलकी पुरी केली. बाह्या बऱ्या उतरल्या.

टेकडी

नवरात्र आलं. हे म्हणाले, "या वर्षी कमळचं फेडून टाकू." मी हूं म्हटलं. दुसरं हूं.

पाचव्या माळेला सकाळी निघालो. हे, मी, मीनल आणि नात ईशा, तेव्हा ती सहा वर्षांची. सतीशला कारखान्यात ड्यूटी. माझ्या हातात ओटीचं ताट, त्यात ती दोन पोलकी.

पायऱ्या सुरू झाल्या आणि मी बहाणे सुरू केले. आधी हार घ्यायला थांबले. मग पदर नीट करायला. मग ईशाला म्हटलं, बघ, इथून आपलं घर दिसतं का. ती म्हणाली, "आजी, इथून तर फक्त टंकी दिसते." मी म्हटलं, नीट बघ. ती नीट बघत असेपर्यंत मी श्वास गोळा करायची.

हे चार पायऱ्या पुढे. मागे वळून म्हणाले, "चल, गर्दी वाढेल. कमळचं आहे."

मीनलने ताट माझ्या हातून घेतलं. "आई, बैठा ना थोडं. रोपवेनं जाऊ, देवी काय नाराज थोडी होणार."

"पायी बोललेलं आहे," हे म्हणाले.

"बाबा, त्यांच्याकडे बघा तरी."

"मी ठीक है," मी म्हटलं.

पुढच्या वळणावर ईशा माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "आजी, तू जामुन खाल्ले का?"

मला कळेना. जांभळांचे दिवस कधीच संपले होते.

"तुझे ओठ जामुनसारखे झालेत."

मग मला पायरी दिसली नाही. म्हणजे पायरी होती, पण ती लांब गेली. मी बसले असं मी म्हणते. मीनल म्हणते, आई पडल्या. छातीवर कुणीतरी जाजमाची गुंडाळी आणून ठेवल्यासारखं झालं. कानात गर्दीचा आवाज आणि त्यात ह्यांचा, "अगं, अगं," एवढंच.

मला खाली कुणी आणलं, ते सांगते. हार विकणाऱ्या गेंदाबाईने. तिने आपली प्लास्टिकची खुर्ची वर पाठवली नाही, स्वतः घेऊन आली. ती आणि तिची जाऊ, दोघींनी मला खुर्चीत बसवून पायरी पायरी उतरवलं. गर्दी वर येत होती आणि आम्ही खाली. गेंदाबाई ओरडत होती, "रस्तो दो, रस्तो दो, बाई के हवा आने दो." तिच्या कमरेला बांधलेल्या फडक्याला झेंडूचा वास होता. तो वास आला की मला अजून भीती वाटते आणि बरंही वाटतं.

निदान

इंदूरला नेलं. हृदयाच्या डॉक्टरीणबाई, सतीशपेक्षा लहान असतील. पोटावर, छातीवर गार गार काही लावून मशीनवर माझं हृदय पाहिलं. मग मोठ्या नळकांड्यात घालून फुप्फुसं. मग माझ्या खाटेशी बसल्या.

"मांजी, साँस कब से फूल रही है?"

मी म्हटलं, "जब से मशीन भारी हुई."

त्यांनी सतीशकडे पाहिलं. सतीशने मीनलकडे. मग मीनलने सगळं सांगितलं, तेल, पट्टा, वसीमभिया, सगळं. सांगता सांगता ती रडायला लागली आणि डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, माझ्या नाही.

त्यांनी जे सांगितलं ते मला माझ्या भाषेत असं समजलं. इस्त्री एका जागी जास्त वेळ राहिली की टेरिकॉट कडक होतं. फाटत नाही, पण ताणलंही जात नाही. माझ्या फुप्फुसांचं काही ठिकाणी तसं झालंय. आणि हृदयाचं म्हणाल तर जुन्या परकराच्या इलास्टिकसारखं. कमरेला राहतं, पण घट्ट धरत नाही. आजार गेला, जाताना हे दोन करून गेला. पायांत पाणी उतरत होतं ते त्यामुळेच.

मी विचारलं, "उसवून पुन्हा शिवता येईल का?" सतीशने हिंदीत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हृदय औषधाने थोडं सावरेल, फुप्फुसांवरच्या खुणा राहतील, त्या घेऊन कसं जगायचं ते शिकवू. आणि म्हणाल्या, सुरुवातीलाच आला असतात तर बरं झालं असतं.

ते वाक्य मी विसरत नाही. तुम्हीही विसरू नका.

घरातलं

पाच दिवस मी तिथे होते. हे आले नाहीत. मला सांगितलं, गुडघे दुखतात. नंतर मीनलकडून कळलं. पहिल्याच संध्याकाळी सतीश घरी जाऊन ह्यांच्यावर ओरडला होता. "आत्या गेली, तिच्या नवसापायी आता आईलाही घालवणार होता का?" बापापुढे मान वर न करणारा मुलगा माझा. त्या दिवसापासून दोघांत फक्त कामापुरतं बोलणं. जेवताना मधे वाटी सरकवायची असेल तर ईशाला सांगायचे.

सतीशची चूक नव्हती. यांचीही कशी म्हणू? बहिणीचा शेवटचा शब्द होता तो. त्यांना अंत्यदर्शनही मिळालं नव्हतं, शब्द तेवढा मिळाला होता. आणि दम लागतो हे मी त्यांना धड सांगितलंच कुठे होतं.

मला खरं बोलली ती मीनल. घरी आल्यावर गोळ्यांचा डबा भरता भरता म्हणाली, "मी रोज विचारत होती, आई कशा आहात. तुम्ही रोज ठीक है बोलल्या. मग मी कशाला विचारत होती?"

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"आता आपल्या घरात ठीक है बंद," ती म्हणाली. "दम लागला तर दम लागला बोलायचं."

ती दोन पोलकी पुन्हा कपाटात वरच्या फळीवर गेली. नवसाचं नाव घरात कुणी काढेना. सतीश काढू देईना आणि हे काढायला धजेनात. पण दर नवरात्रात हे दिवसचे दिवस ओट्यावर टेकडीकडे तोंड करून बसायचे. मला कळायचं. मीही आतून तेच मोजत होते. वाटायचं, थोडी ताकद आली की गुपचूप जाऊन येईन. दर तपासणीला डॉक्टरीणबाईंना विचारायची, "टेकडी?" त्या म्हणायच्या, "नहीं मांजी." पुढच्या वेळी मी पुन्हा विचारायची.

आता कसं

या गोष्टीला काही वर्षं झाली. बरी आहे का, तर नाही. वाईट आहे का, तर रोज नाही. सकाळ चांगली जाते. अंघोळ पाटावर नाही, स्टुलावर. केस धुतले की त्या दिवशी दुसरं काम नाही. मीठ कमी, लोणचं बंद. ते मला दम लागण्यापेक्षा जास्त जाचतं. गल्लीत कुणी बाफले, म्हणजे आमच्याकडच्या बाट्या, भाजायला गोवऱ्या पेटवल्या की मी खिडक्या लावून आत. मीनलने स्वयंपाकघरात माझ्यासाठी खुर्ची ठेवली आहे, तिच्यावर बसून मी भाजी निवडते आणि तिला चुका काढून दाखवते. तिला ते हवं असतं असं ती म्हणते.

वसीमभियांनी मशीनला मोटर बसवून दिली. मी त्यांना म्हटलं, त्या दिवशी मी फार बोलले. ते म्हणाले, "काकी, आप तो अब्बा के सामने भी बोलती थीं." मोटरवर शिवताना पायाला काम नाही, पण हात वर धरूनही दमते. एक बाही, मग पाणी, मग दुसरी.

भीती जात नाही. एखाद्या दिवशी काही कारण नसताना छाती धावायला लागते, तेव्हा वाटतं आज. मग थोड्या वेळाने थांबते, आणि मी उरलेली भाजी निवडते.

आणि लोक. हळदीकुंकवाला एक बाई म्हणाली, "तुमचा कोरोना अजून चालूच आहे का हो?" सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन मीनलला सांगितलं, तर म्हणाली, "त्यांना बोलायचं ना, हो, आणि तुमच्या घरी पण पाठवते." ज्यांना असं कुणी म्हटलं असेल त्यांना एवढंच सांगते, आपला आजार दिसत नाही. प्लॅस्टर नाही, काठी नाही. लोकांना दिसेपर्यंत थांबू नका. मी थांबले होते.

पायी

या वर्षीच्या नवरात्रात पहिल्या माळेला हे ओट्यावर बसले होते. मी खुर्ची ओढून शेजारी बसले.

मी म्हटलं, "मला नाही चढवणार."

त्यांनी वळून पाहिलं.

"या वर्षी नाही, आणि पुढच्याही नाही. वन्संना मी हूं म्हटलं होतं, पण माझ्याने होणार नाही. मला रोज दम लागतो. पाणी प्यायला उठले तरी लागतो."

एवढं सरळ मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. ते उठून आत गेले. मला वाटलं, रागावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर टोपी घालून तयार. काखेत धारच्या पिशवीतलं ते गाठोडं.

"रिक्षा बोलावलीय," ते म्हणाले. "तू खाली बसायचं."

"आणि तुम्ही?"

"फोन कुणी धरला होता तुझ्या कानाशी? मीच ना. हूं मीही ऐकलं. कमळ माझी बहीण आहे, तिला काय सांगायचं ते मी सांगतो."

"तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांचं तिने काही बोलून ठेवलेलं नाही."

वयाची पंचाहत्तरी उलटलेला माणूस. दोन्ही गुडघे गेलेले. मी नको नको म्हणत राहिले आणि रिक्षात बसले. मीनलला हाक मारली तर हे म्हणाले, "ती कशाला? मला काही नेऊन पोचवायचं नाहीये."

गेंदाबाईने मला ओळखलं. तीच प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. "बेठो बाई. अब कां जाव हो?" मी म्हटलं, मी नाही, हे चाललेत. तिने यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एक हार फुकट दिला.

पायऱ्यांच्या पहिल्या वळणापर्यंत मला त्यांची टोपी दिसत होती. कठडा धरून, एक पाय वर, दुसरा त्याच्या जोडीला. मग दिसेनासे झाले.

मी खाली बसून राहिले. मीनलने पदराला पिनने अडकवून दिलेलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र बोटाला लावून आकडा बघत होते, पण खरं सांगायचं तर आकडा कुणाचा बघतेय ते मला कळत नव्हतं. एक तास गेला. दीड गेला. गेंदाबाईने चहा आणून दिला, तो गार झाला. मला वाटत होतं, वन्सं, आता ह्यांचं काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू. वरून उतरणारे लोक विचारत होते, बाई, तुम्ही कोणाची वाट बघताय. मी सांगत होते, पांढरी टोपी, गुडघे धरून चालणारे. एकाने सांगितलं, मोठ्या मातेपाशी बसले आहेत, ठीक आहेत. ते ठीक ऐकून माझा जास्तच जीव गेला.

आणि मग हे भलत्याच बाजूने आले. पायऱ्यांवरून नाही, रोपवेच्या बाजूने. टोपी तिरकी, कपाळभर कुंकू, हातात प्रसादाची पुडी.

मी म्हटलं, "रोपवेत बसलात?"

"वर पायीच गेलो," ते म्हणाले. "खाली कसं यायचं ते कमळने सांगितलं नव्हतं."

गेंदाबाई पदर तोंडाला लावून हसली. तिने फुलांचं टोपलं बाजूला करून त्यांना जागा दिली. ते बसले. एक हात छातीवर, तोंड उघडं, खांदे वर-खाली. बराच वेळ त्यांना बोलता येईना. मी प्रसादाची पुडी त्यांच्या हातून घेतली आणि थांबले. घाई करून उपयोग नसतो, हे मला माहीत आहे.

मग म्हणाले, "असा असतो होय."

"काय?"

"दम."

मी हूं म्हटलं.

"रोज?"

"रोज."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला, आणि आपला घाम सोडून माझ्या कपाळावरचा पुसला.